रखवालदाराला जाब कोण विचारणार?

मंडळी, पाणवठ्याचा नियम तुम्हांला मी सांगायला नको. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, खालच्या अंगाला धुणं नि गुरं. कुणी तो मोडला तर चार माणसं त्याला जाब विचारतात. पण मोडणारा सगळ्या जगाच्या वतीने आलेला रखवालदार असला तर? त्याची ही हकीकत.

वेस्ट इंडीज बेटांत हैती नावाचा गरीब देश आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००४ साली तेथे शांतिसेना पाठविली. जानेवारी २०१० मध्ये तेथे मोठा भूकंप झाला आणि ऑक्टोबरात पटकीची साथ उसळली. निदान शंभर वर्षे त्या देशात पटकी नव्हती. मग ती आली कोठून? मिरबाले गावाजवळ नेपाळी शांतिसैनिकांची छावणी होती. तिची घाण ओढ्यात गेली, ओढा आर्तिबोनित नदीला मिळाला, आणि खाली त्याच पाण्यावर भातखाचरं नि माणसं! पुढील काही वर्षांत सुमारे ८ लाख लोक आजारी पडले, जवळजवळ १० हजार दगावले.

हे कुणी मुद्दाम केले नाही, खरे. पण हयगयीचीही भरपाई असतेच ना? २०११ साली सुमारे ५ हजार पीडितांनी संघाकडे दाद मागितली. २०१३ साली उत्तर आले की, हे दावे दाखल करून घेता येत नाहीत. लोक अमेरिकेतील कोर्टात गेले. २०१६ साली तेथील अपील कोर्टानेही निकाल दिला की, संघावर खटला चालत नाही.

हे कवच १९४६ च्या कराराने मिळाले. त्यात वावगे काही नव्हते. कोणत्याही सरकारने उठावे नि संघाच्या अधिकाऱ्याला कोठडीत घालावे, तर काम चालायचे कसे? परंतु तोच करार सांगतो की, अधिकाऱ्याचे कवच त्याच्या स्वतःच्या लाभासाठी नाही. आणि भरपाईसारखे तंटे मिटविण्याची सोय संघानेच करावयाची आहे. हैतीशी झालेल्या करारात तर त्यासाठी पंचमंडळ ठरले होते. ते कधी नेमलेच नाही! खरी मेख इथे आहे. कवच मिळालं, चावडी मात्र बांधलीच नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. ४० कोटी डॉलरची योजनाही निघाली. पण पैसा राष्ट्रांनी स्वखुशीने द्यायचा होता, तो थोडाच जमला.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपलेही जवान ही निळी टोपी घालून जातात. १९६१ साली कांगोत कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी तिच्यासाठी प्राण वेचले. शांतिसेनेतील शिपायाने गुन्हा केल्यास त्याला शिक्षा करण्याचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाकडेच असतो. म्हणजे जाब विचारण्याचे काम पाठविणाऱ्यांचे, तुमचे-आमचेही. शिक्षकबंधूंनी वर्गात शांतिसेनेची कामगिरी जरूर सांगावी. पण मुलांना एवढेही सांगावे की, जाब विचारल्याने टोपीची अब्रू जात नाही, ती राहते.