ठासणीच्या बंदुकीचा गज : लाकूड की लोखंड?

तोंडातून दारू व गोळी भरावयाच्या बंदुकीस मराठीत ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात आणि ज्या दांडीने ती ठासावयाची तिला ‘गज’. लांबीच्या मापालाही हाच फारसी शब्द लागतो. गज कशाचा, हे नावावरून कळत नाही. लष्करी इतिहासकारांनी मात्र त्या प्रश्नाला फार मोठे महत्त्व दिले आहे.

लाकडी गज लढाईच्या घाईत मोडे, आणि तो मोडला की बंदूक म्हणजे केवळ संगिनीचा दांडा उरे. अनहाल्ट-देसाऊचा लेओपोल्ड याने १६९८ च्या सुमारास आपल्या पलटणीत लोखंडी गज आणला. पुढे तो साऱ्या प्रशियन पायदळास मिळाला. १० एप्रिल १७४१ रोजी मोलवित्स येथे प्रशियाचे घोडदळ उधळले गेले, राजा फ्रीडरिख रणांगण सोडून गेला, तरीही पायदळाने ऑस्ट्रियनांस मागे रेटले. या विजयाचे श्रेय लोखंडी गजाला देण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा. गजामागचे हात वर्षानुवर्षांच्या कवाइतीत तयार झालेले होते.

यावरून लाकूड मागासलेले व लोखंड पुढारलेले असा निष्कर्ष काढणे सोपे. परंतु रायफलच्या बाबतीत तो टिकत नाही. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात घडविलेल्या लांब रायफलींत हिकरी नामक झाडाचा गजच कायम राहिला. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी सैल असे. रायफलीत मळसूत्री खाचा असतात व तेलकट फडक्यात गुंडाळलेली गोळी घट्ट बसते. बाहेर पडताना गोळीचा शेवटचा स्पर्श होतो तो नळीच्या तोंडाशी. तेथील खाचा कठीण गजाने घासून एका अंगाने झिजल्या, की नेम बिघडलाच. हिकरीचे लाकूड चिवट. ते वाकते, पण नळीस इजा करीत नाही. अट एवढीच की, गज करवतीने न कापता रेषेबरहुकूम फाडून काढलेला हवा. नाहीतर तो तिरपा मोडून तळहातात घुसतो. शिवाय लाकडात रुतलेली माती कानशीसारखी घासते, म्हणून तो पुसून घ्यावा लागे. पितळ लोखंडाहून मऊ खरे, पण लाकडाच्या मानाने फार जड.

ब्रिटिश सैन्याने १८०० साली स्वीकारलेल्या बेकर रायफलीस मात्र पोलादी गज होता. शिकाऱ्यास मोडलेल्या गजाऐवजी रानातून दुसरा तोडून आणता येई. शत्रूसमोर उभ्या असलेल्या शिपायास ती सवड नव्हती. त्याच्या बाबतीत नळीची झीज हा दुय्यम प्रश्न होता.