धात्रीचे मूल

नवजात अर्भकास दूध कोणी व कसे पाजावे हा वैद्यकाचा विषय, त्यास वाङ्मयाच्या नियतकालिकात स्थान कशाला, असे कोणी विचारील. परंतु ह्या विषयाचा इतिहास धुंडाळू लागले की दप्तरांपेक्षा शब्दच अधिक बोलतात, असा आमचा अनुभव आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. बाळंतपण करणारी बाई ह्या घरांत ‘सुईण’ होती. माळव्यात तिलाच ‘दाई’ म्हणत. मराठीतील दाईने मात्र मूल सांभाळावयाचे, प्रसंगी अंगावर पाजावयाचे. संस्कृत ‘धात्री’शी तिचे नाते सांगतात ते ह्याच अर्थाने. दाईला बोलावणे धाडा, असे म्हटल्यावर कोणती बाई यावयाची, हे बोलणाऱ्याच्या मायबोलीवर अवलंबून असे.

बाळंतिणीच्या खोलीतला खरा पेच पहिल्या तीन दिवसांचा. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, हे सुश्रुताने अचूक हेरले होते. तोवर बालकास मध व तूप चाटवावे, असे त्याने सांगितले. निरीक्षण खरे, परंतु त्यावरून काढलेला मार्ग चुकीचा. त्या तीन दिवसांत स्तन रिते नसतात. दाट, पिवळसर चीक त्यात असतो; पहिल्या दिवशी तो चार-दोन चमच्यांहून अधिक नसला तरी अर्भकाचे इवलेसे पोटही तेवढेच मागते आणि रोगाशी झुंजण्याची शिदोरी त्यातूनच त्यास मिळते. लोकांनी मात्र चीक जड, बाधक ठरविला, पिळून टाकला आणि बाळाच्या तोंडी मधाचे बोट दिले. एक वर्षाच्या आतील मुलास मध मुळीच देऊ नये, असे आजचे वैद्यक बजावते. चीक टाकावयाचा आणि मग दूध येत नाही म्हणून बाळंतिणीस अळिवाची खीर व शतावरी द्यावयाची! बाळ जितके ओढील तितके दूध उतरते, हा साधा हिशेब पाळला जात नसे. वरचे दूध पाजावयाच्या बोंडल्याची अरुंद चोच घासून धुणे तर जवळजवळ अशक्य. त्यातून दुधाबरोबर पोटात काय जात असेल, ते सांगावयास नकोच.

आईचे दूध अपुरे पडले की धात्री येई. चरकाने तिची लक्षणे मोठ्या बारकाईने दिली आहेत. तीत एक अशी की, तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे आणि तो मुलगा असावा. दुधाच्या गुणाची ती खूण होती. त्या मुलाने पुढे काय प्यावे ह्याची चिंता मात्र तेथे दिसत नाही. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे ह्यांनी त्यांना दूध पाजले. त्यांचे पुत्र अंतोजी व रायाजी राजांचे दूधभाऊ म्हणून परंपरेत ओळखले जातात. ‘दूधभाऊ’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. दप्तर ज्या मुलास विसरते, त्यास भाषेने नात्यात घेतले. माळव्याच्या शेजारी मेवाडात पन्ना धायची कथा आहे. धन्याच्या बाळासाठी तिने आपले मूल तलवारीपुढे दिले, म्हणून ती अमर झाली. ज्या असंख्य धात्रींची मुले केवळ अर्धपोटी राहिली, त्यांच्या कथा कोणी रचल्या नाहीत.

इंदूरचा ह्या इतिहासाशी आणखी एक, काहीसा कडू संबंध आहे. १८३० नंतर परवाना घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या माळवी अफूच्या व्यापाराचे इंदूर हे मोठे केंद्र होते. चीनकडे जाणाऱ्या पेट्यांविषयी विपुल लिहिले गेले. देशातच तान्ह्या मुलांच्या जिभेवर ठेविल्या जाणाऱ्या कणाविषयी फारच थोडे. त्यास ‘बाळागोळी’ म्हणत. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया ती मुलांना देत, ह्याची नोंद भारतातील मजुरांविषयीच्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालात आहे. ह्यात आईची निष्ठुरता पाहणारे चुकतात. दहा तास गिरणीत राहणाऱ्या बाईने मूल कोणापाशी ठेवावे? अफूने मूल निजते, रडत नाही, म्हणून पितही नाही. आणि कोणी ओढीत नाही म्हणून आईचे दूधही आटते. भूक शमत नाही, फक्त तिचा आवाज बंद होतो. रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी आपण गौरवितो. पण तीही दूध विकावयास आलेली, वेळेवर घरी सोडली न गेलेली बाईच होती, हे गौरवाच्या भरात निसटते.

कायद्याला ह्याची जाण उशिरा आली. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने कामावर परतलेल्या आईस, मूल पंधरा महिन्यांचे होईतो, पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी दिली. बांधकामावर वा परक्या घरी भांडी घासावयास जाणाऱ्या बाईस तिचा उपयोग क्वचितच झाला. मधल्या काळात डब्यातील दुधाने बोंडल्याची जागा घेतली. त्याच्या जाहिरातींना आळा घालणारी जागतिक संहिता १९८१ साली आली, आपला कायदा १९९२ साली.

धात्रीची कल्पना मात्र वेगळ्या रूपाने परतली आहे. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांना तेथे निर्जंतुक केलेले परक्या मातेचे दूध देतात. ते घेण्याचा नियम चरकाच्या लक्षणांत नव्हता: दात्री मातेचे मूल आधी पोटभर प्यावे, त्यानंतर उरेल तेवढेच पेढीने घ्यावे.