रेंज रोव्हर पी३८ए साठीची दोषनिदान उपकरणे

रेंज रोव्हर पी३८ए साठीची दोषनिदान उपकरणे म्हणजे लँड रोव्हर या ब्रिटिश कंपनीच्या दुसऱ्या पिढीतील रेंज रोव्हर या वाहनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एककांशी संपर्क साधून दोषसंकेत वाचणारी, ते पुसणारी आणि एककांच्या नोंदी बदलणारी साधने होत. गॅरेजच्या बोलीत त्यांना नुसते ‘स्कॅनर’ म्हणतात. हे वाहन आलिशान व दुर्गम वाटांवर चालणारे असले, तरी त्याची इलेक्ट्रॉनिक रचना संक्रमणकाळातील आहे. त्यामुळे आधुनिक मोटारींवर सहज चालणारी बहुतेक उपकरणे येथे अंशतःच उपयोगी पडतात. म्हणूनच जुन्या रेंज रोव्हरच्या देखभालीत योग्य उपकरणाची निवड हा महत्त्वाचा विषय ठरतो.

पार्श्वभूमी

पी३८ए सप्टेंबर १९९४ मध्ये सादर झाली आणि २००१ पर्यंत इंग्लंडमधील सोलिहल येथील कारखान्यात तयार होत राहिली. तिचे सांकेतिक नाव त्याच आवारातील ज्या इमारतीत तिचा विकास झाला, त्या इमारतीच्या क्रमांकावरून पडले. तिला ४.० व ४.६ लिटर क्षमतेची व्ही८ पेट्रोल इंजिने आणि बीएमडब्ल्यूचे २.५ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन असे पर्याय होते. पहिल्या पिढीच्या तुलनेत या वाहनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा विस्तार फार मोठा होता. एका मध्यवर्ती संगणकाऐवजी प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र एकक नेमलेले होते. त्यांतील प्रमुख एकके पुढीलप्रमाणे :

- इंजिन नियंत्रण एकक : पेट्रोल वाहनांत आरंभी ‘जेम्स’ ही प्रणाली, तर १९९९ च्या प्रतिमानापासून बॉशची ‘मोट्रॉनिक’ प्रणाली.
- बीईसीएम : पुढील आसनाखाली बसवलेले एकक. दिवे, कुलपे, खिडक्या, चोरीरोधक यंत्रणा व चालकासमोरील संदेशपट्टी यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते.
- ईएएस : चारही चाकांवरील हवेच्या निलंबनाचे नियंत्रण.
- एबीएस, एअरबॅग, स्वयंचलित गिअरपेटी आणि वातानुकूलन यांची स्वतंत्र एकके.

संदेशनियमांचा प्रश्न

अमेरिकेत १९९६ च्या प्रतिमानापासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना ओबीडी-२ हे मानक बंधनकारक झाले. युरोपात तत्सम सक्ती पेट्रोल वाहनांना २००१ पासून, तर डिझेल वाहनांना त्यानंतर लागू झाली. या मानकाने १६ टाचण्यांच्या जोडणीचा आकार ठरवून दिला. त्यात ४ व ५ क्रमांकांच्या टाचण्या भूसंपर्काच्या, १६ क्रमांकाची बॅटरीची आणि ७ क्रमांकाची ‘के-लाइन’ या संदेशवाहिनीची असते. पी३८ए मध्ये हीच जोडणी दिसते, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते.

जोडणी सारखी असली म्हणजे भाषाही सारखी असते असे नाही. मानकाचा संबंध केवळ प्रदूषणाशी निगडित माहितीशी, म्हणजे मुख्यतः इंजिनाशी आहे. त्यामुळे पेट्रोल पी३८ए चे इंजिन एकक सर्वसाधारण ओबीडी वाचकास उत्तर देते. बीईसीएम, ईएएस, एबीएस व एअरबॅग ही एकके मात्र उत्पादकाच्या खासगी संदेशनियमांनी बोलतात, व सामान्य वाचकास ती जणू अस्तित्वातच नसतात. डिझेल प्रतिमान अमेरिकेत विकले जात नसल्याने त्याच्या इंजिनालाही त्या मानकाचे बंधन नव्हते. शिवाय या पिढीत कॅन ही आधुनिक संदेशवाहिनी निदानासाठी वापरलेली नाही. साहजिकच केवळ कॅनवर चालणारी उपकरणे येथे निरुपयोगी ठरतात.

उपकरणांचे प्रकार

१. सर्वसाधारण ओबीडी वाचक. यांत हातात धरण्याचे छोटे वाचक आणि ईएलएम३२७ या चिपवर आधारित ब्लूटूथ किंवा यूएसबी जोडण्या येतात. किंमत अल्प, पण आवाका पेट्रोल इंजिनापुरताच. या चिपच्या स्वस्त नकला बाजारात पुष्कळ असून त्यांतील काही जुने संदेशनियम नीट हाताळत नाहीत.

२. एका एककापुरत्या संगणकप्रणाली. हवेच्या निलंबनासाठी मोफत मिळणारी एक प्रणाली जुन्या लॅपटॉपवर साध्या सिरियल केबलने चालते. तिच्याद्वारे दोष वाचणे, पुसणे व निलंबन पुन्हा सुरू करणे शक्य होते. इतर एककांसाठी ती नाही. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्यास यूएसबी रूपांतरक लागतो, पण प्रत्येक रूपांतरक जुळतोच असे नाही.

३. लँड रोव्हरकेंद्रित स्वतंत्र उपकरणे. नॅनोकॉम, फॉल्टमेट, हॉकआय इत्यादी. ही उपकरणे पी३८ए च्या बहुतेक एककांशी संवाद साधतात, व त्यांतील काही नोंदींमध्ये बदलही करू देतात.

४. अधिकृत विक्रेत्यांची उपकरणे. पी३८ए च्या काळात ‘टेस्टबुक’ आणि नंतर ‘टी४’ ही उपकरणे विक्रेत्यांकडे होती. आज ती मुख्यतः जुन्या साहित्याच्या बाजारात आढळतात. २००४ मध्ये आलेल्या डिस्कव्हरी ३ पासून कंपनीने आयडीएस व पुढे एसडीडी या प्रणाली वापरल्या. त्या नव्या वाहनांसाठी आहेत. त्यामुळे अद्ययावत अधिकृत उपकरण असलेल्या केंद्रातही पी३८ए चे निदान होईलच असे नाही.

निवडीचे निकष

नेमके प्रतिमान : ‘लँड रोव्हरला चालते’ हे विधान अपुरे आहे. जेम्स की मोट्रॉनिक, पेट्रोल की डिझेल, हे आधी निश्चित करावे लागते. पुढच्या पिढीची, २००२ पासूनची रेंज रोव्हर बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या काळात विकसित झाली. तिची आरंभीची इलेक्ट्रॉनिक रचना बीएमडब्ल्यूच्या वळणाची आहे, म्हणून तिचे उपकरण पी३८ए ला लागू पडत नाही. डिस्कव्हरी ३ आणि नंतरच्या वाहनांसाठी लोकप्रिय असलेले आयआयडी हे उपकरणही पी३८ए साठी नाही.

एककांचा आवाका : बहुवाहन स्कॅनरच्या यादीत वाहनाचे नाव असले, तरी त्याखाली कोणती एकके आहेत हे पाहणे आवश्यक असते. पी३८ए च्या बाबतीत ईएएस व बीईसीएम ही दोन नावे यादीत नसतील, तर ते उपकरण सर्वसाधारण वाचकाहून फारसे वेगळे ठरत नाही.

वाचन की लेखन : दोष वाचणे ही पहिली पायरी होय. वर्तमान मापे पाहणे, झडपा व पंप उपकरणातून चालवून पाहणे, उंचीची मापे नव्याने नोंदवणे आणि किल्लीची जुळणी करणे या पुढील पायऱ्या आहेत. घरगुती देखभालीसाठी पहिल्या तीन पायऱ्या सहसा पुरेशा असतात.

परवान्याची पद्धत : काही उपकरणे एकाच वाहनाशी बांधलेली असतात, तर काहींत प्रत्येक प्रतिमानसमूहासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. वापरलेले उपकरण घेताना त्यात पी३८ए चा परवाना समाविष्ट आहे का, हे तपासणे इष्ट ठरते.

ठळक उदाहरणे

हवेचे निलंबन : हवागळती झाली की कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो व अखेर दाब अपुरा पडतो. एकक दोष नोंदवून निलंबन थांबवते, वाहन खाली बसून रबरी टेकूंवर येते आणि संदेशपट्टीवर ताशी ३५ मैलांची (सुमारे ५६ किमी) वेगमर्यादा झळकते. दुरुस्ती झाल्यावरही गंभीर दोषाची नोंद उपकरणाने पुसल्याखेरीज निलंबन पूर्ववत होत नाही. अशा वेळी योग्य उपकरण जवळ नसेल, तर बिघाड नाहीसा झालेला असूनही वाहन अडून राहते.

चोरीरोधक यंत्रणा : बीईसीएम व इंजिन एकक यांच्यात एक सुरक्षासंकेत जुळलेला असतो. दोहोंपैकी एक बदलल्यास किंवा संकेत बिघडल्यास इंजिन सुरू होत नाही. ही जुळणी सर्वसाधारण वाचकाने करता येत नाही.

ऑक्सिजन संवेदक : जेम्स प्रणालीत टायटॅनिया प्रकारचे संवेदक असून त्यांचे माप ० ते ५ व्होल्ट या पट्ट्यात फिरते. मोट्रॉनिकमध्ये झिर्कोनिया प्रकार असून ते माप साधारणतः ० ते १ व्होल्ट असते. हा भेद ठाऊक नसल्यास धडधाकट संवेदक सदोष समजून बदलला जाण्याचा संभव असतो.

मर्यादा व दक्षता

दोषसंकेत लक्षण दाखवतो, कारण नव्हे. संवेदकाचा संकेत आला तरी मूळ दोष गंजलेल्या जोडणीत, तुटलेल्या तारेत किंवा अशक्त बॅटरीत असू शकतो. या वाहनात कमी व्होल्टतेमुळे खोटे संकेत उमटणे ही परिचित बाब आहे. म्हणून निदानापूर्वी बॅटरी तपासणे आणि नोंदी बदलताना तिला चार्जर जोडून ठेवणे हितावह असते. लेखन अर्ध्यावर खंडित झाल्यास एकक निकामी होऊ शकते. कोणतीही नोंद बदलण्यापूर्वी मूळ मूल्ये जतन करावीत, आणि बीईसीएममध्ये केवळ प्रयोग म्हणून बदल करू नयेत. एअरबॅगचा दोष कारण न शोधता पुसून टाकणे प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते.

भारतीय संदर्भ

टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये जग्वार व लँड रोव्हर या कंपन्या फोर्डकडून विकत घेतल्या. २०११ मध्ये पुणे येथे फ्रीलँडर २ या वाहनाची जुळणी सुरू झाली. पी३८ए चे उत्पादन त्याआधीच थांबलेले असल्याने ती या जुळणीचा भाग कधीच नव्हती. भारतात प्रवासी मोटारींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये व दुसरा २०१३ मध्ये लागू झाला. येथील गॅरेजांतील बहुतेक स्कॅनर त्यानंतरच्या वाहनांना अनुसरून घेतलेले असतात. त्यामुळे अशा जुन्या वाहनाच्या मालकास लँड रोव्हरकेंद्रित उपकरण स्वतःजवळ बाळगणे सोयीचे ठरते.

हेही पहा

- रेंज रोव्हर
- ओबीडी-२
- हवेचे निलंबन
- जग्वार लँड रोव्हर