पाठीमागच्या फळ्यावरील पदार्थविज्ञान

नाटकात वैद्य किंवा वकील आला, की त्या पेशातील जाणत्या माणसाकडून चार वाक्ये तपासून घेण्याचा रिवाज जुनाच आहे. परंतु सैद्धांतिक पदार्थविज्ञानासारख्या दुर्गम शास्त्राची अशी निगा एका विनोदी मालिकेने बारा हंगाम राखावी, हा प्रकार २४ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर 'द बिग बँग थिअरी' सुरू झाली तेव्हा फारसा परिचयाचा नव्हता. पॅसाडेना येथील कॅलटेक संस्थेतील तरुण संशोधकांच्या या कथेतील शास्त्रीय तपशिलाची जबाबदारी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डेव्हिड सॉल्ट्झबर्ग यांच्याकडे होती. हे स्वतः प्रयोग करणारे, अंटार्क्टिकावर फुग्याने चढविलेल्या अँटेनांच्या साहाय्याने न्यूट्रिनोंचे रेडिओ-संकेत शोधणारे संशोधक. लेखकांनी संहितेत शास्त्रासाठी मोकळ्या सोडलेल्या जागा त्यांनी भराव्यात, संवादांतील प्रमाद दाखवावेत आणि पात्रांच्या पाठीमागील फळ्यांवर खरीखुरी समीकरणे मांडावीत, अशी तजवीज होती. बहुसंख्य प्रेक्षकांची दृष्टी ज्यांवर क्षणभरही ठरणार नाही अशा त्या ओळी बिनचूक लिहिण्यात जी निष्ठा दिसते, तिचे मोल मला फार वाटते.

तथापि या मालिकेची सत्यनिष्ठा समीकरणांपेक्षाही शास्त्रज्ञांच्या कलहात अधिक उतरली आहे. २००८ च्या सप्टेंबरातील एका भागात तंतुसिद्धांताचा अभिमानी शेल्डन आणि 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी'ची कैवारी लेस्ली यांची जुंपते. आणि भावी अपत्यांना यांपैकी कोणते मत शिकवावे, या प्रश्नावर लेस्ली व शेल्डनचा सहनिवासी लेनर्ड यांचे जुळत आलेले नातेही तुटते. ज्या मताची लेस्ली पाठराखण करते त्याचा पाया, खानदेशातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ साली गुरुत्वाकर्षणासाठी मांडलेल्या नव्या चलांवर रचलेला आहे, हे मराठी वाचकाने अवश्य ध्यानी घ्यावे. अवकाश-काल कणमय असेल तर निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशाच्या वेगात अतिसूक्ष्म अंतर पडावे, हा लेस्लीचा युक्तिवाद त्या काळी संशोधकांत खरोखरच चालू होता, जरी तो त्या सिद्धांताचा अटळ निष्कर्ष आहे याविषयी एकमत नव्हते. पुढे अवघ्या आठ महिन्यांनी, १० मे २००९ रोजी, फर्मी दुर्बिणीने एका गॅमा-किरण स्फोटाची नोंद घेतली. सात अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून आलेला त्यातील सुमारे ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रकाशकण स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत पोहोचला होता, आणि तसल्या विलंबाच्या सर्वांत सरळ कल्पनेला त्यामुळे जागा उरली नाही. दिवाणखान्यातला तो वाद प्रसारणाच्या वेळी खरोखरच अनिर्णित होता, यातच त्याची अचूकता.

चुकांच्या चित्रणातही हीच प्रामाणिकता आढळते: २०१२ साली स्वतः स्टीफन हॉकिंग पडद्यावर येऊन शेल्डनच्या निबंधातील अंकगणिताचा दोष दाखवितात, पुढे चौरस सेंटिमीटर आणि चौरस मीटर यांच्या घोटाळ्याने त्याचे एक गणित दहा हजार पटींनी चुकते.

अखेरच्या हंगामात मात्र कथानकाने शास्त्रावर कुरघोडी केली, याचे मला वाईट वाटते. शेल्डन आणि त्याची पत्नी एमी यांचा 'सुपर-असिमेट्री' हा काल्पनिक सिद्धांत मांडला जातो, फर्मीलॅब या प्रयोगशाळेतील दोन संशोधकांच्या हातून योगायोगाने सिद्ध होतो आणि मे २०१९ मधील अंतिम भागात त्यास नोबेल पारितोषिकही लाभते. हे सारे सुमारे वर्षभरात. वास्तवात हिग्जकणाचे भाकीत १९६४ चे, त्याचा शोध २०१२ चा. आणि २०१३ साली पारितोषिक स्वीकारताना पीटर हिग्ज ८४ वर्षांचे होते.