धमकी ऐकली, पण सांगायची कोणाला?



इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. आज मात्र मी शाळेतल्या एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. मुलं भांडली की म्हणतात, "थांब, तुला बघतोच," "जिवंत सोडणार नाही." अशा वेळी शाळेनं काय करायचं? हसून सोडून द्यायचं, की मुलाचं नाव काढून टाकायचं? अमेरिकेतल्या शाळांना याचं उत्तर फार मोठी किंमत देऊन शोधावं लागलं.

तिथे बंदूक अनेक घरांत असते. १९९४ साली तिथल्या केंद्र सरकारनं कायदा केला. शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढायचं, असा नियम राज्यांना करावा लागला. मग शाळांनी हीच सक्ती आणखी ताणली. खिशातला छोटा चाकू, खेळण्यातली बंदूक, रागात तोंडातून गेलेला शब्द, सगळ्याला एकच शिक्षा. याला 'झिरो टॉलरन्स' म्हणत, म्हणजे जराही गय नाही. पण २००८ साली तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं तपासून पाहिलं, तर यामुळे शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडला नाही. उलट बाहेर काढलेलं मूल अभ्यासातून उठतं आणि त्याच्यावर नजर ठेवणारंही कोणी उरत नाही.

२० एप्रिल १९९९ हा दिवस तिथले लोक विसरलेले नाहीत. कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले, मग त्या दोघांनी स्वतःलाही संपवलं. नंतर कळलं की त्यातल्या एकानं इंटरनेटवर धमक्या लिहिल्या होत्या आणि एका कुटुंबानं वर्षभर आधीच पोलिसांकडे तक्रार केली होती. त्याच्या घराच्या झडतीसाठी कागद तयारही झाला होता, पण झडती झालीच नाही. चिन्हं दिसली होती, ती एका जागी कोणी जोडली नाहीत.

यानंतर राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं एकत्र बसले. १९७४ ते २००० या काळातल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर मुलं त्यांनी तपासली. २००२ साली अहवाल आला. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, 'असं दिसणारं मूलच असं करतं' असा कोणताही साचा नाही. कोणी हुशार होतं, कोणी मागे पडलेलं, कोणी एकटं, कोणी मित्रांच्या घोळक्यातलं. दुसरी, बहुतेकांनी अचानक भडकून नाही, तर आधी ठरवून हल्ला केला. तिसरी, दर १० पैकी ८ घटनांत निदान एका माणसाला आधी कल्पना होती, आणि हा माणूस बहुतेक वेळा बरोबरीचा मुलगा किंवा मुलगी. चौथी, ज्याला मारायचं त्याला थेट धमकी देणारे फारच थोडे होते. म्हणजे धमकी देणारा प्रत्येकजण हल्ला करत नाही, आणि हल्ला करणारा प्रत्येकजण धमकी देत नाही.

मग ओळखायचं कसं? व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांसाठी एक पद्धत बसवली. मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि पोलीस यांची एक टीम. धमकी कळली की टीम आधी त्या मुलाशी आणि ऐकणाऱ्यांशी बोलते. नेमकं काय म्हणालास? कशामुळे? आता काय वाटतं? रागाच्या भरात गेलेला शब्द असेल, मूल समजावून देत असेल, माफी मागत असेल, तर ती क्षणिक धमकी. तिथे भांडण मिटवलं की झालं. पण राग धुमसत असेल, बेत आखलेला असेल, हत्यार हाताशी असेल, तर ती खरी धमकी. तिथे समोरच्या मुलाला सावध करायचं, पालकांना बोलवायचं, गरज पडली तर पोलिसांची मदत घ्यायची आणि मुलाच्या दुखण्यावर इलाजही करायचा.

सुरुवातीला ३५ शाळांत ही पद्धत वापरून पाहिली. १८८ धमक्या आल्या. त्यातल्या सुमारे ७० टक्के क्षणिक निघाल्या. फक्त ३ मुलांना शाळेतून काढावं लागलं, आणि एकही धमकी खरी झाल्याचं आढळलं नाही. २०१३ साली व्हर्जिनियानं अशा टीम सगळ्या सरकारी शाळांसाठी सक्तीच्या केल्या.

पण पद्धत कागदावर असून चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका मुलाच्या अभ्यासाच्या कागदावर बंदुकीचं चित्र आणि मदत मागणारे शब्द शिक्षिकेला दिसले. आईवडिलांना बोलावलं. त्यांनी मुलाला घरी नेलं नाही. घरात चारच दिवसांपूर्वी बंदूक घेतली होती, हे सांगितलं नाही. शाळेनं दप्तर उघडून पाहिलं नाही. मुलगा वर्गात परतला आणि त्याच दुपारी ४ विद्यार्थी मारले गेले. २०२४ साली आई आणि वडील दोघांनाही दोषी ठरवून किमान १० वर्षांची कैद झाली.

आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत. पण कोयता, चाकू आहे, आणि मोबाईलवरची भांडणं तर रोजची आहेत. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे. कोलोरॅडोनं पुढे नाव न सांगता खबर देता येईल अशी फोनसेवा सुरू केली, कारण मुलं चुगलखोर म्हणवून घ्यायला घाबरतात. आपल्या शाळांत तक्रारपेटी ठेवण्याचा शासनाचा आदेश आहे. ती आहे का, कोण उघडतं, किती दिवसांनी उघडतं, हे पालकसभेत विचारा. मुलांसाठी १०९८ हा मोफत नंबर आहे, तो घरात लिहून ठेवा. आणि मुलांना एवढा फरक शिकवा: कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चुगली, कोणाचा जीव वाचावा म्हणून सांगणं ही मदत.

तुमच्या लेकरानं असं काही येऊन सांगितलं, तर "तुला काय करायचंय, तू अभ्यास कर," असं म्हणू नका. त्याला जवळ बसवा, पूर्ण ऐका, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत जा. एकटीला जायला अवघड वाटलं तर गटातल्या दोघीजणींना बरोबर घ्या.