साताऱ्याचा नियम आणि पुणेरी पलटणचे ९६ गुण

१/ आज प्रो कबड्डीतील पुणेरी पलटणची कथा. तिचा आरंभ मात्र पुण्यात नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वीच्या सातारा प्रांतात आहे.

२/ त्या काळी औंध हे स्वतंत्र संस्थान होते. यमाईच्या डोंगरापायथ्याशी बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन बसले होते. संस्थानातील शाळांत त्यांनी तो नित्याचा केला आणि १९३८ साली त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. नमस्काराला प्रतिस्पर्धी लागत नाही. आपली संख्या आपणच मोजावी, आपणच वाढवावी.

३/ हुतुतूचे तसे नाही. तेथे दोन पक्ष आले, आणि दोन पक्ष आले की वादही आला. सर्वांत मोठा वाद असे : बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करायचे?

४/ उत्तरे तीन होती. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. ‘गामिनी’त तसे पुनरुज्जीवन नव्हते, सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. ‘अमर’मध्ये कोणीही मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजले जात. एका गावचा विजय दुसऱ्या गावच्या विजयाशी ताडून पाहणार तरी कसा?

५/ १९२१ साली साताऱ्यात काही खेळाडूंनी संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून नियम बांधले. पुढे १९२३ साली एका समितीने त्यांत सुधारणा केल्या. (अभिमन्यू हा पहिला कबड्डीपटू, ही कथा रम्य आहे, पण तिला इतिहास म्हणवत नाही. इतिहास या लेखी नियमांपासून धरावा.)

६/ आजही बाद गडी परततो आणि सारा संघ बाद झाल्यास प्रतिपक्षाला लोणाचे दोन जादा गुण मिळतात. संजीवनी आणि गामिनी, दोहोंच्या खुणा एकाच खेळात!

७/ आता पलटण. २०१४ च्या पहिल्या हंगामात हा संघ तळाला राहिला. २०१६ मधील दोन्ही हंगामांत तिसरा आला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत प्रथमच अंतिम सामना लाभला, पण जयपूरने तो ३३-२९ असा जिंकला.

८/ दहाव्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदारच्या संघाने साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि केवळ २ गमावले. विजयाचे ५, बरोबरीचे ३ : म्हणजे ८५ आणि ९ मिळून ९४. मग ९६ कोठून आले? त्या हंगामात सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण मिळत असे. पलटणचे दोन्ही पराभव या मर्यादेतले होते. हरतानाही हा संघ कोसळला नाही, हे मला त्या १७ विजयांइतकेच बोलके वाटते.

९/ १ मार्च २०२४, हैदराबाद. समोर हरियाणा स्टीलर्स. चुरशीच्या पूर्वार्धात पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण आणले. चढाईत स्पर्शाने बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे आपला एक बाद गडी परत येऊ शकतो (बोनसच्या गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही). ‘अमर’च्या नियमाने हेच घडते, तर गुणफलकावर चार आकडे चढले असते, इतकेच. येथे एका दमात मैदानावरील बळच पालटले. साताऱ्यात बांधलेल्या नियमाचे हे फळ.

१०/ अंतिम गुण २८-२५. पलटणचे पहिले विजेतेपद, पंकजचे ९ गुण. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान अस्लमला.

११/ ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उतरली. अंतर पुन्हा तीनच गुणांचे होते, मात्र या वेळी ते उलट्या बाजूला पडले : दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८.