शिल्ला शिखरावरचा खलासी आणि समासातला एक शब्द

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. '१८६० साली सर्वेक्षण खात्यातल्या एका भारतीय खलाशानं स्पितीमधलं शिल्ला शिखर चढून उंचीचा जागतिक विक्रम केला.' वाक्य लिहिलं तेव्हा छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मसुदा परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात सरांनी एकच शब्द लिहिला होता: 'कशावरून?'

तुम्ही पेट, सेटच्या तयारीत असाल आणि विषय शोधत असाल, तर हा शब्द आत्ताच ओळखीचा करून घ्या.

आधी हकीकत सांगतो. हिमाचलातल्या स्पितीत शिल्ला नावाचं शिखर आहे. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८६०च्या सुमारास हिमालयात काम करत होतं. लांबच्या ठाण्यावरून दुर्बिणीत नेम धरायचा, तर शिखरावर खूण लागते. म्हणून एक खलासी खुणेचा खांब घेऊन शिल्लाच्या माथ्यावर गेला, असं सांगतात. शिखराची उंची तेव्हा २३,०६४ फूट म्हणजे सुमारे ७,०३० मीटर धरली होती. माणूस इतक्या उंचीवर गेल्याची त्याआधीची नोंद नव्हती. खलाशाचं नाव मात्र कुठंच येत नाही.

ही गोष्ट मी केनेथ मेसन यांच्या १९५५च्या हिमालयाच्या इतिहासात वाचली होती. मेसन स्वतः सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते, 'हिमालयन जर्नल'चे पहिले संपादक होते, पुढं ऑक्सफर्डला भूगोलाचे प्राध्यापक झाले. माणूस भरवशाचा. पण हिशेब करा: घटना १८६०ची, पुस्तक १९५५चं. मध्ये पंचाण्णव वर्षं. या घटनेपुरतं मेसन यांचं पुस्तक दुय्यम साधनच ठरतं. शिवाय खात्यातल्या माणसानं खात्याचा पराक्रम सांगितला, की त्याच्याजवळ आतली माहिती असते आणि आतली मायाही असते. दोन्ही लक्षात ठेवून वाचावं लागतं. मी फक्त माहिती उचलली होती.

मग उंचीचं बघा. नंतरच्या मोजणीत शिल्ला ६,१३२ मीटर भरलं. जवळजवळ नऊशे मीटर कमी! दुरून शिखर मोजताना हवेमुळं प्रकाश वाकतो, त्याची दुरुस्ती चुकली तर उंची चुकते, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच काळात त्याच खात्यानं एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट काढली होती आणि आजच्या आकड्याशी तिचा फरक तीसेक फुटांचा आहे. शंभराहून जास्त मैलांवरून घेतलेल्या निरीक्षणांत तीस फूट, आणि इथं तीन हजार? एवढी तफावत प्रकाशाच्या वाकण्यावर ढकलता येत नाही. भलत्याच सुळक्यावर नेम धरला गेला असेल किंवा आकडेमोडीत मोठी गफलत झाली असेल, असंच म्हणावं लागतं.

विक्रम तर गेलाच. १८५५ साली श्लागिंटवाइट बंधू कामेटशेजारच्या अबी गामिनवर सुमारे ६,७८५ मीटरपर्यंत पोचले होते, शिखर न गाठता. आणि त्याही आधीचं सांगायचं तर अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवर युयाइयाको नावाचा ६,७३९ मीटरचा ज्वालामुखी आहे. १९९९ साली त्याच्या माथ्याजवळ उत्खननात इंका काळातल्या तीन मुलांचे गोठलेले देह सापडले, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे. ती चढाई कुणी कागदावर लिहून ठेवली नव्हती, तरी पुरावा वर बसून होता. 'पहिली चढाई' म्हणजे बरेचदा 'कागदावर आलेली पहिली चढाई' असते.

इथं मला खरं तर वाईट वाटलं. वाक्य खोडायचं आणि खलाशाला सोडून द्यायचं, असंही मनात आलं. पण ६,१३२ मीटर म्हणजे काय ते बघा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. एकावर एक पावणेचार कळसूबाई. तिथं श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. अशा जागी खांदाभर लांब खांब घेऊन घसरत्या दगडांवरून, जिथं चालून भागत नाही तिथं हातापायांनी चढत गेलेला माणूस विक्रम मोडला म्हणून खोटा होत नाही. माझा प्रश्नच चुकीचा होता. 'किती उंच?' ऐवजी 'त्याला वर कुणी पाठवलं, कशासाठी, कोणत्या अटीवर?' असं विचारायला हवं होतं.

'खलासी' या शब्दापाशीही थांबा जरा. मराठीत खलाशी म्हटलं की जहाज डोळ्यांपुढं येतं. सर्वेक्षणातला खलासी तंबू ठोकणारा, झाडं तोडणारा, साखळी ओढणारा, यंत्र वाहणारा, रात्री डोंगरावर दिवा सांभाळणारा. नांदेड भागात रेल्वेतल्या खलाशाची नोकरी कुणाला माहीत नाही? तोच शब्द. इंग्रजी साधनांत तो कधी खलासी, कधी लास्कर, तर कधी नुसता हमाल म्हणून येतो. एकच शब्द शोधत बसलात तर निम्मी माणसं हातची जातील.

आता तुम्ही म्हणाल, लोह्यात बसून स्पितीचा अभ्यास कशाला? आमच्या शेजारचा कंधारचा किल्लासुद्धा भुईकोट, चढायला काही नाही. पण एक काम करा. नकाशावर ७८ रेखांशाच्या किंचित पश्चिमेला पट्टी ठेवा. १८१५ साली विल्यम लॅम्बटननं बिदरजवळ आधाररेषा मोजली. पुढची आधाररेषा मोजली गेली ती वऱ्हाडात, एलिचपूरच्या बाजूला टाकरखेड्याला. या दोन जागांमध्ये काय येतं? देगलूर, बिलोली, भोकर, हदगाव. हिमालयापर्यंत गेलेली त्रिकोणांची साखळी आपल्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागातून गेलेली आहे. लॅम्बटनचं मोठं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं होतं. ते टेकड्यांवर आपोआप चढलं नाही.

इथल्या टेकड्या बुटक्या, पण तापानं माणूस मरायला उंची लागत नाही. हवा धुतलेली असते, लांबचं दिसतं, म्हणून निरीक्षणं पावसाळ्यात घेत. १८१९ साली गोदावरीच्या जंगलात एव्हरेस्टची तुकडी तापानं फणफणली, कित्येक जण दगावले. एव्हरेस्ट बरं होण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडं जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला, त्याची कबरही तिथं आहे. यंत्र वाहणारे मात्र आकड्यांतच भेटतात.

शिल्लाचा खलासी निनावी राहिला याची तुलना खात्यातल्याच डब्ल्यू. एच. जॉन्सनशी करून बघा. हा १८६५ साली खोतानला गेला आणि कुनलुन पर्वतात २३,८९० फुटांचं शिखर चढल्याचं त्याच्या नावावर सांगितलं गेलं. पुढं त्यावर शंका घेतल्या गेल्या. पण शंका घ्यायला नाव होतं, प्रवासाचा अहवाल होता. खलाशाच्या दाव्यावर धड शंकाही घेता येत नाही. दावा त्यानं केलेलाच नाही, खात्यानं केलाय.

साधनांचं म्हणाल तर फिलिमोर यांनी सर्वेक्षण खात्याच्या जुन्या कागदांवरून पाच जाडजूड खंड लिहिले. पाचवा खंड १८४४ ते १८६१ या काळाचा, म्हणजे नेमका आपल्या कामाचा. तो १९६८ साली छापला गेला आणि सीमेच्या प्रश्नामुळं त्याचं वितरण रोखलं गेलं. आमचं नशीब बघा! चारही खंडांत अधिकाऱ्यांची चरित्रं पानंच्या पानं आहेत. ती वाचाच, पण चरित्रांबरोबर खर्चाचे तपशीलही वाचा: नोकरवर्ग किती, पगार किती, डोंगरावर जादा भत्ता होता का, मेल्यावर घरच्यांना काय मिळालं. नावं नसली तरी माणसं अशा रकान्यांतच सापडतात.

मी वाक्य बदललं. 'सर्वेक्षण खात्यानं उंची चुकीची धरलेल्या शिल्ला शिखरावर १८६० साली एक खलासी मजुरीसाठी खुणेचा खांब घेऊन चढला, असं खात्याच्या परंपरेत सांगितलं जातं.' विक्रम नाही, जग नाही. मसुदा पुन्हा सरांकडं गेला आणि गेल्या आठवड्यात परत आला. या वेळी लाल रेघ फक्त 'मजुरीसाठी' या शब्दाखाली होती. समासात तेच: 'कशावरून?'